पंचेचाळिसावा
द्वितीय वर्ष कला (इतिहास)

वार्षिकांकासाठी लेख मागताना सरांनी वर्गात बजावले होते, "जे खरोखर मनात आहे त्यावर लिहा. पाऊस, आई आणि कॉलेजचा पहिला दिवस, हे तीन विषय गेल्या वर्षी पुरेसे झाले आहेत!" वर्ग हसला. मीही हसले. गेल्या वर्षी पावसावर लिहिणाऱ्यांत मी एक होते आणि माझा पाऊस काही छापून आला नव्हता. यंदा मी फुप्फुसावर लिहिते आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीला फुप्फुसाशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर देण्यातच हा लेख संपेल असे वाटते.

झाले असे की, आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही. तरी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन मात्र थाटात होतो. खडूच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याला जी येईल त्या विषयावर पाच मिनिटे बोलायचे. माझ्या मैत्रिणीला 'सर सी. व्ही. रामन' मिळाले, म्हणजे तिचे नशीब! माझ्या चिठ्ठीवर होते 'अवयवरोपण'. सगळे म्हणाले, सोपे आहे, डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड घे. ३ डिसेंबर १९६७, केप टाऊन, माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण. हृदय म्हटले की मध्ये मध्ये दोन-चार टाळ्यांची वाक्येही पेरता येतात.

पण माझ्या मनात हृदय नव्हते. मी इंग्रजीच्या सरांना भीतभीत विचारले, "सर, फुप्फुस बदलता येते का हो?" त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. आठवड्याने छापील पानांचा एक गठ्ठा माझ्या हातात दिला. सगळी इंग्रजी. मी इंग्रजी वाचते ते पाटीवरची अक्षरे लावणाऱ्या पोरासारखी. एक पान, एक संध्याकाळ आणि मांडीवर शब्दकोश.

आता घरचे सांगते. आमचे आण्णा कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत सतरा वर्षे होते. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असते. ती फवाऱ्याने आणि ग्राइंडरने काढून माल साफ करायचा, हे त्यांचे काम. तोंडाला टॉवेल. संध्याकाळी घरी आले की पापण्यांवर पांढरी धूळ असायची, आणि मी लहानपणी ती फुंकर मारून उडवायची. मला तो खेळ वाटे. चार वर्षांपूर्वी त्यांना चढ चढवेना. टी. बी. म्हणून सहा महिने गोळ्या झाल्या. पुन्हा टी. बी. म्हणून आणखी गोळ्या झाल्या. वजन मात्र उतरतच राहिले. मी अकरावीचे अर्ज भरायला लागले त्या वर्षी ते घरी बसले.

गेल्या दिवाळीनंतर मोठ्या दवाखान्यात छातीचे सगळे फोटो काढले. डॉक्टरांनी कागद लिहिला आणि आमच्यात शिकलेले कोण म्हणून मला व्हरांड्यात बोलावले. सिलिकोसिस. वाळूतल्या सिलिकाची धूळ, डोळ्याला न दिसणारी, फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. शरीर तिच्याभोवती व्रणाची गाठ बांधते. अशा हजार गाठी झाल्या की फुप्फुस मऊ राहत नाही, आक्रसते. धुळीतून माणूस बाहेर काढला तरी आतले काम पुष्कळदा चालूच राहते. औषध नाही. डॉक्टर घाईत होते, पण वाईट बोलले नाहीत.

मी बाकड्यावर बसलेल्या आण्णांकडे आले आणि सांगितले, "जुन्या टी. बी. चे व्रण आहेत म्हणे. हळूहळू भरतील." आईने लगेच ज्योतिबाला हात जोडले. त्या घरातली सहीऐवजी अंगठा न करणारी मी पहिली, आणि शिकून पहिले काम केले ते खोटे वाचून दाखवण्याचे.

तर मी त्या गठ्ठ्यात शिरले ती अशी. भाषण हे निमित्त होते.

पहिले नाव आले डॉ. जेम्स हार्डी यांचे. ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहरातल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांनी माणसाच्या फुप्फुसाचे पहिले रोपण केले. आधी जनावरांवर शेकडो प्रयोग केले होते. रोगी होता जॉन रसेल नावाचा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणारा, फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठलेला. अठरा दिवस जगला. नवे फुप्फुस तोवर चालत होते, पण मूत्रपिंडांनी दगा दिला. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच मध्यरात्रीनंतर, १२ जूनला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांना त्या शहरात घरासमोर गोळी घातली गेली आणि त्यांना आणले गेले ते याच रुग्णालयात. एकाच इमारतीत एका खुन्याचा श्वास वाचवण्याची धडपड आणि खून झालेल्या एका माणसाचा शेवटचा श्वास! आमच्या पाठ्यपुस्तकात अशी पाने शेजारी शेजारी कधी येत नाहीत.

पुढे वीस वर्षे जगात ठिकठिकाणी हा प्रयत्न झाला आणि दर वेळी फसला. दिवस, आठवडे, बस्स. त्यात सर्वांत जास्त जगला तो बेल्जियममधल्या गेंट शहरातला एक तरुण. डॉ. फ्रित्स डेरोम यांनी १९६८ च्या नोव्हेंबरात त्याला नवे फुप्फुस बसवले. तो दहा महिने जगला. वय तेवीस. धंदा वाळूच्या फवाऱ्याने धातू साफ करण्याचा. रोग सिलिकोसिस.

ते वाक्य मी तीनदा वाचले. शब्दकोशाची गरज नव्हती, तरी वाचले.

फुप्फुसच इतके अवघड का, हे मला पहिल्यांदा या पानांवरून कळले. मूत्रपिंड, हृदय, यकृत हे अवयव शरीराच्या आत दाराआड असतात. फुप्फुसाचे दार मात्र रस्त्यावर उघडते. प्रत्येक श्वासाबरोबर धूळ, जंतू, धूर थेट आत. परका अवयव नाकारू नये म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती औषधाने दाबून टाकायची, आणि त्याच वेळी दार सताड उघडे!

दुसरी अडचण जोडाची. नवे फुप्फुस बसवताना तीन ठिकाणी जोडावे लागते: हृदयाकडून येणारी मोठी रक्तवाहिनी, हृदयाकडे परत जाणाऱ्या शिरा आणि हवा नेणारी नळी, म्हणजे श्वासनलिकेची फांदी. रक्तवाहिन्यांचे जोड टिकत. हवेच्या नळीचा जोड दोन-तीन आठवड्यांनी सुटे. कारण या नळीच्या भिंतीला पोसणाऱ्या रक्तवाहिन्या निराळ्या आणि अगदी बारीक असतात. फुप्फुस काढताना त्या तुटतात आणि पुन्हा जोडल्या जात नाहीत. नळीचे टोक उपाशी राहते. इंग्रजीत यासाठी एक लांबलचक शब्द होता, माझ्या शब्दकोशात नसलेला. सरांनी अर्थ सांगितला तेव्हा मी म्हटले, "म्हणजे उसवते." सर म्हणाले, "बरोबर. उसवते."

इथे डॉ. जोएल कूपर येतात. जन्म १९३९, अमेरिकन, हार्वर्डमध्ये शिकलेले, बॉस्टनच्या मोठ्या रुग्णालयात तयार झालेले आणि १९७२ पासून कॅनडातल्या टोरांटोत काम करणारे. १९७८ साली त्यांनीही एका रुग्णाला फुप्फुस बसवले. तिसऱ्या आठवड्यात तो रुग्ण गेला. जोड उसवला होता.

त्या क्षणी पुढचा रुग्ण घेऊन पुन्हा शस्त्रक्रिया करता आली असती. जगाने पंधरा वर्षे तेच केले होते. कूपर प्रयोगशाळेत परतले. पुढची पाच वर्षे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: जोड का उसवतो? मला हा माणूस आवडला तो इथे. त्याचे यश नंतरचे.

त्यांनी प्रश्न सोपा करून घेतला. कुत्र्याचे फुप्फुस काढून त्याच कुत्र्याला परत बसवायचे. (कुत्र्यांचे वाईट वाटते, ते इथे लिहून ठेवते.) स्वतःचेच फुप्फुस, तेव्हा शरीराने नाकारण्याचा प्रश्नच नाही, राहिला फक्त जोड. मग काही कुत्र्यांना रोपणानंतर देत ती औषधे द्यायची, काहींना द्यायची नाहीत. ज्यांना औषधे दिली नाहीत त्यांचे जोड भरले. ज्यांना दिली त्यांचे कच्चे राहिले. म्हणजे फुप्फुस नाकारले जाऊ नये म्हणून भरपूर स्टेरॉइड द्यायची ती वीस वर्षांची रीत, तीच जखम भरू देत नव्हती!

मग स्टेरॉइडशिवाय करायचे काय? सुदैवाने त्याच सुमारास सायक्लोस्पोरिन हे नवे औषध हाती आले होते. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीने ते काढले. त्याने प्रतिकारशक्ती दबते, पण जोड भरायचा थांबत नाही, हेही टोरांटोच्या प्रयोगात दिसले.

राहिला उपाशी टोकाचा प्रश्न. पोटात आतड्यांवर चरबीचा एक जाळीदार पडदा असतो. जत्रेत बोकड कापताना पाहिलेल्यांना तो ठाऊक असेल. त्या पडद्याला रक्तवाहिन्या भरपूर. टोरांटोच्या मंडळींनी त्याचे एक टोक पोटातून वर छातीत ओढून घेतले आणि जोडाभोवती गुंडाळले. थोड्याच दिवसांत पडद्यातून नव्या रक्तवाहिन्या नळीत शिरल्या. उपाशी टोकाला अन्न मिळाले.

आणि मग, एवढे झाल्यावर, त्यांनी रुग्ण शोधला, तोही पारखून. कूपर यांना असा रुग्ण हवा होता ज्याची फुप्फुसे व्रणांनी ताठ झाली आहेत. त्याचे एकच फुप्फुस बदलले तर हवा आणि रक्त दोन्ही आपोआप नव्या, मऊ फुप्फुसाकडे वळतील. जुने ताठ फुप्फुस आड येणार नाही. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला चालवून, व्यायाम देऊन तयार करायचे असेही ठरले.

तो रुग्ण म्हणजे टॉम हॉल. योगायोग असा की यांचेही वय अठ्ठावन्न. फुप्फुसे आक्रसलेली, प्राणवायूची नळी नाकाला. कूपर यांनी त्यांना समोर बसवून सांगितले की आजवर ४४ जणांवर हे करून पाहिले आणि ते साधलेले नाही. त्यावर हॉल यांनी, पंचेचाळिसावा होण्याची संधी मिळते आहे याबद्दल आभार मानले, असे सांगतात.

७ नोव्हेंबर १९८३ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांना एक फुप्फुस बसवण्यात आले. जोड उसवला नाही. टॉम हॉल घरी गेले, कामावर गेले, सहा वर्षांहून अधिक जगले. १९९० साली वारले ते मूत्रपिंडे निकामी होऊन.

भाषणात मी हे सगळे सांगितले. पाच मिनिटांची घंटा झाली तेव्हा मी अजून कुत्र्यांपाशीच होते, त्यामुळे शेवट गडबडीत उरकला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. रामनना पहिले मिळाले, ते अपेक्षितच होते.

पण त्या एका गोष्टीने माझी झोप उडवली. ४४. कूपर यांना तो आकडा लपवता आला असता. "प्रयत्न करू या, देव यश देईल," एवढे म्हणून भागले असते. समोरचा माणूस श्वासाला महाग झालेला, त्याने कशालाही मान डोलावली असती. तरी त्यांनी आकडा सांगितला. आणि मी? मी कसली शस्त्रक्रियाही करणार नव्हते. माझ्याकडे एक कागद होता आणि तो मी चुकीचा वाचून दाखवला होता. दुसऱ्याच्या श्वासाबद्दलचे खरे ठेवून घेण्याचा अधिकार मला कुणी दिला होता, हे राहून राहून मनात येई. लगेच दुसरे मन म्हणे, खरे सांगून काय भले होणार आहे? तिथे निदान नवे फुप्फुस होते. इथे काय आहे?

शनिवारी एस. टी. ने घरी गेले. आण्णा भिंतीला उशी लावून बसले होते. आडवे झाले की त्यांना धाप लागते. आई वाकळ शिवत होती. प्रमाणपत्र पाहून आण्णांनी ते उलटेपालटे केले आणि म्हणाले, "काय बोल्लीस ते बोलून दाव की."

मी सगळे भाषण पुन्हा म्हटले. घंटा नव्हती, त्यामुळे निवांत सांगितले. जोड उसवतो तिथे आले तेव्हा आई सुईतला दोरा न काढता म्हणाली, "काठच कुजका आसंल तर टाका धरतोय व्हय? वरनं चांगल्या कापडाची पट्टी लावाय पायजे." मी तिच्याकडे बघतच राहिले. पडदा अजून सांगायचाच होता. ज्या गोष्टीसाठी टोरांटोची प्रयोगशाळा बसली होती ती आमच्या आईने बसल्या जागी सांगून टाकली. अर्थात फुप्फुसाला पट्टी कुठून आणायची ते तिला ठाऊक नव्हते, आणि तेच खरे अवघड होते.

आण्णांचा पहिला प्रश्न अगदी वेगळा आला. "त्येला बसिवलं त्ये कुनाचं हुतं?"

मी म्हटले, "कुणीतरी नुकत्याच वारलेल्या माणसाचं. त्याच्या घरच्यांनी दिलं."

"त्येचं नाव?"

"ते नाही लिहिलेलं."

"बरं. आनि त्ये चव्वेचाळीस? त्यांची नावं हायत?"

पहिल्याचे होते, जॉन रसेल. बाकीची माझ्या पानांत नव्हती. मग मी गेंटच्या मुलाचे सांगितले. भाषणात ते मी मुद्दाम गाळले होते, आणि घरी सांगायचे नाही असेही ठरवले होते. तोंडातून गेले.

"बिलास्टिंगचा?" आण्णा ताठ बसले. "वाळूच्या?"

"हो."

"किती वर्साचा म्हनालीस?"

"तेवीस."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. खोकल्याची उबळ आली, ओसरली. मग त्यांनी उशीखाली हात घातला आणि दवाखान्याचा तो कागद काढला. घडीवर घडी पडून तो चिंधीसारखा झाला होता.

"ह्येच्यात काय लिवलंय ते आता खरं वाच."

मी वाचले. शब्द वाचला, अर्थ सांगितला. टी. बी. चे व्रण नाहीत हे सांगितले, भरून येणार नाही हेही सांगितले. आईचा दोरा थांबला होता. मला वाटले होते आण्णा रागावतील, निदान गप्प होतील. ते म्हणाले, "मला ठाव हुतं गं. आमच्या बाजूच्या मशिनवाल्याचा कागद आसाच हुता. अक्षरं वाचाय येत न्हाईत, पर बघून वळखू येतात की. त्यो गेला दोन वर्सामागं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोल्लो आस्तो तर तू कालीज सोडून कामाला लागली आस्तीस."

म्हणजे चार महिने आम्ही दोघे एकमेकांपासून एकच शब्द लपवून बसलो होतो.

त्या रात्री आण्णांनी खोदून खोदून विचारले. आपल्याकडे होते का हे? होते, आता जगात वर्षाला चार हजारांवर अशी रोपणे होतात, आपल्या देशातही मोठ्या शहरांत होतात, सिलिकोसिसच्या रुग्णांचीही होतात. खर्च? मी अंदाजे आकडा सांगितल्यावर ते हसले आणि हसण्यानेच पुन्हा उबळ आली. मग किती जगतात? निम्मे लोक सहा-सात वर्षांच्या पुढे जातात, सांगितले. "आनि त्यो डाक्तर? त्येचं पुढं काय?" या प्रश्नाने मला बरे वाटले. स्वतःवरून त्यांचे लक्ष त्या माणसाकडे गेले होते.

कूपर यांनी १९८६ च्या नोव्हेंबरात टोरांटोतच अॅन हॅरिसन या बाईंना दोन्ही फुप्फुसे बसवली. त्यांचा आजार निराळा होता. फुप्फुसे ताठ नव्हती, उलट फुग्यासारखी सैल पडून फुगली होती. तिथे एकच बदलून भागेल असे वाटत नव्हते, कारण जुने फुगून नव्यालाच दाबील. त्या २००१ पर्यंत जगल्या. १९८८ साली कूपर अमेरिकेत सेंट लुईसला गेले आणि तिथे त्यांनी मोठे केंद्र उभे केले. पुढे फुगलेल्या फुप्फुसाचा निकामी भाग कापून उरलेल्याला जागा करून देण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी १९९३ पासून पुन्हा रुजवली. ज्यांना नवे फुप्फुस मिळत नाही त्यांच्यातल्या काहींना तिचा आधार झाला.

आणखी एक गोष्ट मी सांगितली ती आण्णांना फार आवडली. ज्या चरबीच्या पडद्याने सगळा मार्ग मोकळा झाला, तो गुंडाळण्याची आता बहुतेक ठिकाणी गरज पडत नाही. नळी कमी लांबीची ठेवून, जोड नीट घालून काम भागते. स्टेरॉइडही बेताने दिले तर तितके बाधत नाही, असे पुढे दिसले. म्हणजे पाच वर्षांच्या कष्टाचे फळ काही वर्षांत बाजूला पडले. "आसंच आसतंय," आण्णा म्हणाले. "साचा फोडल्याबिगर माल निघत न्हाई."

टोरांटोच्या त्या कामाचा वृत्तांत १९८६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला, तेव्हा लेखक म्हणून एका माणसाचे नाव न घालता 'टोरांटो फुप्फुसरोपण गट' एवढेच छापले होते. सर्जन, भूल देणारे, प्रयोगशाळेतले, व्यायाम करवून घेणारे सगळे त्यात आले. हे आण्णांना पटले नाही. "नावं घालाय पायजे हुती सगळ्यांची. गट म्हंजे कोन? आमचा बी गटच हुता. ठेकेदाराचा गट. हजेरीला आकडा, नाव न्हाई."

ते खरे आहे. आण्णांनी सतरा वर्षे जिथे काम केले त्या फौंड्रीच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नाही. ते ठेकेदाराचे माणूस. कायद्यात सिलिकोसिस हा कामातून होणारा रोग म्हणून नोंदलेला आहे, डॉक्टरांनी तो सरकारला कळवायचा असतो, असे मी नंतर वाचले. पण रोग कामातून झाला हे सांगायला आधी तुम्ही कामावर होता हे सिद्ध करावे लागते. त्या कामाला मी आता लागले आहे. कुणाकडे पगाराची पावती, कुणाकडे जुना गेटपास आहे का, ते विचारीत हिंडते. काय होईल ते होवो.

त्या शनिवारी मात्र यातले काही डोक्यात नव्हते. रात्री उशिरा आण्णा म्हणाले, "वही काड."

मी इतिहासाची वही काढली. मागच्या पानापासून लिहायला घेतले. ते एकेक नाव सांगत गेले. ग्राइंडरवर कोण, फवाऱ्यावर कोण, वाळू चाळायला कोण, कुठल्या गावचा, कधी खोकला लागला, कधी गेला. मधूनच दम घ्यायला थांबत. गेलेल्यांची आधी, जिवंत असलेल्यांची नंतर, असे त्यांनीच ठरवले. आई वाकळीवर टाके घालीत होती; एक-दोघांच्या बायकांची माहेरची गावे तिने सांगितली. अकरा नावे झाली. बारावे त्यांना काही केल्या आठवेना. डावखुरा होता, तंबाखू मळायची लकब होती, एकदा माझ्यासाठी पेरू आणले होते, एवढे सगळे आठवले, नाव नाही. शेवटी मी दिवा मालवला.

सकाळी सहाची एस. टी. धरायला निघाले. वळणापर्यंत गेले असेन. मागून आईने हाक मारली, थांब म्हणून. आण्णांना ओट्यावर यायला वेळ लागतो. त्यांना दाराच्या चौकटीला धरून उभे राहिलेले पाहिले तेव्हा मी परत फिरले. ते धापा टाकीत होते. बोलता येईपर्यंत थांबले, मग म्हणाले, "घावलं नाव. लिव्ह."

मी पिशवीतून वही काढली.